तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाबांचे गुडघे दुखतात: कुठला कुत्रा घ्यावा?

धागाकर्ता: तिसरा_मजला_कोथरूड

नमस्कार मंडळी,

घरात कुत्रा आणायचा, एवढ्यावरच आमचं एकमत आहे. परिस्थिती सांगतो. कोथरूडला जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूमचं घर, बाल्कनीला उभे गज. आम्ही दोघं सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा बाहेर. बाबा (वय ७१) घरी असतात, पण गुडघ्यांमुळे दिवसातून एकदाच खाली उतरतात. मुलगा आठ वर्षांचा.

मुलाला हस्की हवाय, बायकोला बीगल. बाबांच्या मते लॅब्रॅडॉरइतका शांत प्राणी दुसरा नाही. एका ठिकाणी लॅबची पिल्लं बघून आलो. ३८ दिवसांची आहेत. "हेवी बोन, शो क्वालिटी, दोनच उरलीत, आजच टोकन द्या" असं सांगतायत.

आमच्या घराला कुठली जात झेपेल आणि पिल्लू घेताना काय तपासायचं? गोड दिसतो म्हणून घ्या, हे सोडून काहीही सांगा.

---

पट्टा_हातात

टोकन देऊ नका. कारण खाली कोणीतरी लिहीलच, मी जातींचं बघतो.

कुत्र्याची जात म्हणजे माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून पक्की केलेली एक नोकरी. नोकरी गेली तरी तिची खाज अंगात राहते, आणि ती मग तुमच्या हॉलमध्ये निघते. त्यामुळे फोटो बघायच्या आधी हा कुत्रा मुळात कशासाठी होता ते बघा.

बीगल. इंग्लंडमध्ये सशाच्या मागावर टोळीने सोडायचा कुत्रा, शिकारी मागून पायी. नाक जमिनीला लागलं की बाकी जग बंद, हा त्याचा गुण. त्याच नाकामुळे अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं-मांस हुंगून काढायला बीगल वापरतात. घरात याचा अर्थ असा की हाक मारून परत येईल यावर विसंबून पट्टा कधीच सोडायचा नाही, आणि ओट्याखालची कचऱ्याची बादली कडी असलेल्या कपाटात ठेवायची. दुसरी गोष्ट आवाज. लांबच्या शिकाऱ्याला दिशा कळावी म्हणून त्याचा तो लांब हेल मुद्दाम जपलाय. बाबा दुपारी झोपले आणि जिन्यात कुरिअरवाला आला, की चारही मजल्यांना कळेल. शिवाय हा टोळीतला प्राणी, एकटेपणा त्याला सोसत नाही. स्वभाव मात्र सोन्यासारखा, मुलांशी उत्तम. वजन १० ते १२ किलो.

हस्की. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी बर्फातून हलकी ओझी लांबवर ओढायला घडवलेला. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० ला जातो. एसी लावून तो जगतो हो, पण प्रश्न फक्त उन्हाचा नाही. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर ओढायला बनवलेलं इंजिन दोन खोल्यांत ठेवलंत की ते दरवाजा उकरतं, सोफा फाडतं आणि संधी मिळताच पळतं. उन्हाळ्यात काही जण त्याची हजामत करतात, ती चूक. आतली मऊ लव आणि वरचे राठ केस मिळून उष्णता अडवतात. मशीन फिरवलं की कातडी भाजते आणि नंतर केस नीट येतीलच असं नाही. मुलाला टेकडीवर कुणाचा तरी हस्की दाखवा, विषय तिथेच संपवा.

लॅब्रॅडॉर. बाबांचं अर्धं खरं. नाव लॅब्रॅडॉर असलं तरी पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे, थंड पाण्यातून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणारे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या जमीनदारांनी त्यातून पाडलेले पक्षी उचलून आणणारा कुत्रा तयार केला. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. शांत लॅब म्हणजे तीन वर्षांपुढचा लॅब. त्याआधी त्याचं तोंड सतत काहीतरी उचलतं: चप्पल, रिमोट, बाबांचा चष्मा. चावरेपणा नव्हे तो, ते त्याचं काम आहे.

आणि भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्याला पोट भरल्याचं समजत नाही. तो केविलवाणं बघतो आणि आजोबा पोळीचा तुकडा टाकतात. वर्षभरात ३० किलोचा कुत्रा ४० चा होतो. तुमच्या घरात आजोबा दिवसभर आहेत, हे विसरू नका.

आता जिन्याचं. बारा वर्षांच्या लॅबचे खुबे गेले की ३२ किलो वजन तीन मजले कोण उचलणार? आणि आज, ऐन ताकदीतल्या लॅबने मांजर बघून झटका दिला तर पट्टा कोणाच्या हातात असेल? हे दोन प्रश्न घरात मोठ्याने विचारा.

गोल्डन रिट्रीव्हरचं जवळपास हेच, वर रोज विंचरायचा केसांचा संसार. (स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे १८६८ मध्ये झालेल्या पिल्लांपासून ही ओळ सुरू होते. पक्षी पाण्यातून आणायचं काम, म्हणून त्याला डबकं दिसलं की राहवत नाही. पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यांवर डबक्यांना काय तोटा!)

---

गोचीडमार

वरच्या प्रतिसादाला +१. मी पिल्लू बघण्याबद्दल लिहितो.

३८ दिवसांचं पिल्लू विकणं नियमातच बसत नाही. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीचे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर "हेवी बोन" कितीही हेवी असो, घरी या. आठ आठवडे हा आकडा हवेतला नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी खेळताना पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटून खेळ थांबवतं. ३८ व्या दिवशी उचललेलं पिल्लू हा धडा तुमच्या मुलाच्या पोटरीवर गिरवतं.

वय खोटं सांगतायत का ते दातांवरून ओळखा. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे २८ दात आलेले असतात. मागच्या दाढा अजून हिरडीतून डोकावत असतील तर पिल्लू लहान आहे.

आई दाखवा म्हणावं. "आई गावाला आहे" हे उत्तर म्हणजे पिल्लं कुठूनतरी पोत्यातून आलीत. आई अनोळखी माणसाकडे कशी बघते, त्यावर पिल्लाचा निम्मा स्वभाव कळतो. लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर दोन्ही पालकांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, तेही दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, खुबे सांगत नाही. मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी स्कॅनर लावून जुळवा.

मग पिल्लू हातात घ्या. हिरड्या गुलाबी हव्यात, फिकट असतील तर जंत किंवा गोचीड. अंग बारीक आणि पोट ढोलासारखं असेल तर जंतच. बेंबीजवळ मऊ गोळा लागला तर हर्निया. शेपटीखाली चिकट ओलं असेल तर पिंजऱ्यातल्या सगळ्याच पिल्लांना जुलाब आहेत असं समजा आणि हात न लावता परत फिरा.

त्या जुलाबाची भीती पार्व्होमुळे. रक्ताचा वास येणारे जुलाब, उलट्या, दोन-तीन दिवसांत पिल्लू आडवं. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फिनाईलने जात नाही, हे कितीही सांगितलं तरी लोक फिनाईलच ओततात. आधी जागा साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. आधीच्या कुत्र्याला पार्व्हो झालेल्या घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका.

लसी: सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिला डोस, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. हा शेवटचाच लोक चुकवतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निकामी करू शकते, म्हणून सोळाव्या आठवड्याचा सर्वांत महत्त्वाचा. रेबीज तीन महिन्यांना, मग वर्षाने बूस्टर. लेप्टोची लस पुण्यात घ्याच, पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरतो आणि माणसालाही होतो. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याने. रेबीजचा दाखला जपून ठेवा, महापालिकेच्या श्वान परवान्याला लागतो.

एक गोष्ट अगदी निक्षून. पिल्लाला पॅकबंद पपी फूड चालू असेल तर वर कॅल्शियमचं सिरप देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्याने वाकडी होतात. उलट नुसत्या चिकन-भातावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडून पाय धनुष्यासारखे होतात. दूध-पोळी तर दोन्हीकडून वाईट. एक काहीतरी ठरवा आणि नीट करा.

---

कारवानप्रेमी

सगळे विलायती कुत्र्यांवर तुटून पडलेत. आपल्या मातीतला मुधोळ, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो कारवान, कोणाला आठवला नाही? बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, तिथले घोरपडे राजे, सगळा आपलाच इतिहास. २००५ मध्ये पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजपालयमबरोबर मुधोळ होता. केस आखूड, उन्हाला काटक, वास नाही, भुंकणं कमी, खाणं कमी. सोलापूर-लातूरकडच्या वस्त्यांवर पिढ्यानपिढ्या पाळतात. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे. आणि हो, घरात तो दिवसातले बरेच तास नुसता पडून असतो!

---

पट्टा_हातात

@कारवानप्रेमी, कौतुक शंभर टक्के मान्य, आणि घरात पडून असतो हेही खरं. पण या घरासाठी नाही. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा, म्हणजे साइटहाउंड. खारूताई किंवा मांजर हललं की उभ्या जागेवरून सुटतो. पट्टा ७१ वर्षांच्या माणसाच्या हातात असेल तर आधी माणूस पडेल. शिवाय अनोळखी लोकांशी तो फटकून असतो. आठ वर्षांच्या मुलाचे मित्र घरभर धावत असतील तर ते त्याला जड जातं. आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत सुसाट धावायला मिळालं तरच तो घरात पडून राहतो. कोथरूडमध्ये अशी जागा शोधून दाखवा.

पण कोणी घेणारच असेल तर दोन सूचना. याची मान डोक्याइतकीच रुंद, साधा पट्टा मागे सरकला की डोकं बाहेर. ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. आणि भूल द्यायची वेळ आली तर व्हेटना आधी सांगा की हा साइटहाउंड आहे. अंगावर चरबी नसल्याने थायोपेंटलसारखी औषधं त्याच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत.

---

स्पिट्झ_समर्थक

या घराला माझं मत इंडियन स्पिट्झ. विकताना त्याला "पॉमेरेनियन" म्हणतात, ते चूक. खरा पॉमेरेनियन दीड ते साडेतीन किलोचा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या पॉमेरेनिया भागावरून नाव पडलेला. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी असलेला पांढरा कुत्रा हा इंडियन स्पिट्झ. ब्रिटिशांनी आणलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथेच तयार झालेला आणि इथल्या हवेला सरावलेला. लहान चणीचे ५ ते ७ किलो, मोठ्या चणीचे १२ ते २० पर्यंत जातात. तुम्ही लहान बघा. बाबांना उचलता येईल, झटका दिला तरी खांदा निखळणार नाही, सकाळ-संध्याकाळ अर्ध्या-अर्ध्या तासाचं फिरणं पुरतं.

वाईट बाजू: भुंकतो. बेल, शेजाऱ्यांची बेल, टीव्हीतली बेल. पहिल्या सहा महिन्यांत बेल वाजली की गादीवर जाऊन बसायची सवय लावलीत तर सुसह्य होतं, नंतर शेजारी येऊन सुनावतात. केस वर्षातून दोनदा गळतात तेव्हा रोज विंचरा, एरवी आठवड्यातून दोनदा. दात लवकर किटतात, लहान कुत्र्यांचं हे नेहमीचं, कुत्र्यांच्याच पेस्टने घासा. माणसांची पेस्ट नको, काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष.

पग कोणी सुचवायच्या आत सांगतो, नको. मोबाईलच्या त्या जाहिरातीनंतर पुण्यात पगची लाट आली आणि "पंच फेस" म्हणून जितकं चपटं नाक तितका भाव चढला. कुत्रा तोंड उघडून धापत अंगातली उष्णता बाहेर टाकतो. चपट्या नाकाला तेच जमत नाही. मेमध्ये दुपारी तीन मजले चढून आलेला पग जिन्यातच कोसळू शकतो. शित्झूचं थोडं कमी, पण नाक चपटंच, डोळे मोठे आणि बाहेर, ओरखडा पटकन पडतो. वर दर सहा-आठ आठवड्यांनी कटिंगचा खर्च. डॅशहंडही नको: लांब पाठ, आखूड पाय, मणक्यातल्या चकत्या लवकर टणक होतात. तीन मजले रोज चढ-उतार म्हणजे पाठीचं दुखणं विकत घेणं. मागचे पाय लडखडले तर त्या दिवशीच व्हेट, उद्या नाही.

---

तिसरा_मजला_कोथरूड

सर्वांचे आभार. टोकन दिलं नाही. हस्कीचा विषय बंद, मुलगा रुसलाय. स्पिट्झवर बाबा तयार आहेत. एक शंका: पिल्लाला सुरुवातीला किती वेळा खाली न्यावं लागेल? बाबा म्हणतात, पेपर टाकला की झालं.

---

गोचीडमार

महिन्यांमध्ये वय अधिक एक, तितके तास पिल्लू जेमतेम धरून ठेवतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तेही शांत असेल तर. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ संपल्यावर. दिवसाला आठ-दहा वेळा झालं. बाबांना तीन मजले आठ वेळा? अशक्य. त्यात सोळाव्या आठवड्याच्या लसीआधी रस्त्यावर, जिथे भटके कुत्रे हागतात तिथे, पिल्लू उतरवायचंही नाही. त्यामुळे पेपर लागणारच. फक्त तो बाल्कनीत एकाच जागी, कृत्रिम हिरवळीच्या तुकड्यावर टाका. नंतर खाली तोच तुकडा गवतावर दोन-चार दिवस ठेवला की कुत्र्याला अर्थ लागतो. पेपर हॉलमध्ये सगळीकडे पसरलात तर पुढे बाबांचा सकाळचा पेपरही त्याला तसाच वाटेल.

खरं सांगायचं तर तुम्हाला पिल्लू नकोच. दीड-दोन वर्षांचा मोठा कुत्रा बघा. घर बदलल्यामुळे, बाळ झाल्यामुळे सोडून दिलेले स्पिट्झ आणि गावठी मिश्र कुत्रे दत्तक मिळतात. शी-शूची शिस्त लागलेली, लसी झालेल्या, दात येण्याचा काळ संपलेला, आणि मुख्य म्हणजे स्वभाव समोर दिसतो. पिल्लाच्या स्वभावाचा आपण अंदाज बांधतो, मोठ्याचा डोळ्यांनी बघतो. गावठीला नाक मुरडू नका, चण हलकी असेल तर १२-१५ किलोचं गावठी कुत्रं तीन मजले हसत चढतं. नेणार असाल तर मुलगा आणि बाबा दोघांनाही घेऊन जा, आणि जिन्यात चालवून बघा. जिन्याला घाबरून बसकण मारणारा कुत्रा असतो, ते तिथेच कळलेलं बरं.

खाण्याचा अंदाज: १२ किलोच्या मोठ्या कुत्र्याला कोरडं फूड दिवसाला साधारण २०० ग्रॅम, दोन वेळांत. लहान स्पिट्झला १२० च्या आसपास. वाटीने नको, वजनकाट्याने मोजा. पोळीचा तुकडा दिला तर तेवढं कमी करा. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही. लाडूतली मनुकाही नाही, आजोबा.

पावसाळ्यात टेकडीवरून आलात की बोटांच्या बेचक्यात, कानांच्या आत, शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल-रॉकेल लावू नका, चिरडू नका. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी, प्लेटलेट घसरलेल्या असतात.

---

सदस्य_पाषाण

अवांतर: सोसायटीने "कुत्रा चालणार नाही" असा ठराव केला असेल तर घाबरू नका. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तुमचा परवाना आणि रेबीजचा दाखला तेवढा तयार ठेवा, आणि जिन्यात शी झाली तर स्वतः उचला. अर्धी भांडणं त्यावरच असतात.

---

स्पिट्झ_समर्थक

@तिसरा_मजला_कोथरूड, कोणताही आणा, त्याआधी बाल्कनीच्या गजांमधलं अंतर मोजा.

---

तिसरा_मजला_कोथरूड

मोजलं. ११ सेंटीमीटर.

---

स्पिट्झ_समर्थक

लहान स्पिट्झचं डोकं त्यातून जातं, आणि फुगलेले केस बघून आपल्याला वाटतं की जाणार नाही. कबुतरांची नायलॉन जाळी लावू नका, एका दुपारीत कुरतडेल. एक इंचाची वेल्डेड लोखंडी जाळी, खालून तीन फूट उंच, गजांना आतून तारेने बांधा. तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. आणि बाबांची कुंडीची घडवंची कठड्यापासून लांब सरकवा, नाहीतर तीन फूट उंचीचा काही उपयोग नाही.